क्रिएटिनचा संशय आणि मूत्रपिंडाची मोजपट्टी

तालुक्याच्या गावातल्या व्यायामशाळेतसुद्धा आता काचेच्या कपाटात पांढऱ्या पावडरीचे डबे मांडलेले दिसतात. अकरावी-बारावीची मुले ते डबे पाहतात, त्यांच्याविषयी आपापसांत बोलतात आणि उत्सर्जनसंस्था शिकवायला घेतली की त्यांच्यातला एखादा हमखास विचारतो, "सर, क्रिएटिनने किडनी खराब होते का?" अशा वेळी ‘हो’ म्हणून विषय संपवावा असा मोह होतो, कारण ‘हो’ म्हणण्यात धोका नाही असे वाटते. पण या प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. ज्या मोजमापावरून ही भीती निर्माण झाली ते मोजमाप कशावर उभे आहे, हे त्या इतिहासावरून कळते. म्हणून आधी तो इतिहास पाहू आणि मग उत्तराकडे येऊ.

सुरुवातीलाच दोन नावे वेगळी करून घेतली पाहिजेत. क्रिएटिन हा स्नायूंत साठवला जाणारा पदार्थ आहे. क्रिएटिनिन हा त्याच्यापासून तयार होऊन लघवीवाटे बाहेर टाकला जाणारा पदार्थ. नावांत एका अक्षराचा फरक आहे आणि रेणूंत पाण्याच्या एका रेणूचा. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या जवळिकीतच आहे.

मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ आपल्याला मेद आणि साबण यांच्या अभ्यासामुळे माहीत असतो. १८३२ साली त्याने मांसाच्या रश्श्यातून एक स्फटिकमय पदार्थ वेगळा केला आणि ग्रीक भाषेतील मांसवाचक शब्दावरून त्याला ‘क्रिएटिन’ हे नाव दिले. हा पदार्थ सगळ्याच प्राण्यांच्या मांसात असतो की रश्श्याच्या त्या नमुन्यात अपघाताने आला, याविषयी बरीच वर्षे शंका होती. ती जर्मनीतील युस्टुस फॉन लीबिगने १८४७ मध्ये फेडली. त्याने निरनिराळ्या प्राण्यांच्या मांसातून क्रिएटिन काढून दाखवले. शिकारीत धावून धावून मेलेल्या कोल्ह्यांच्या मांसात पाळीव कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन असते, असेही त्याने लिहून ठेवले. आजच्या माहितीनुसार इतका फरक पडत नाही. परंतु क्रिएटिनचा स्नायूंच्या श्रमाशी काही संबंध असावा, हा विचार प्रथम इथे आला. लघवीत सापडणारा त्याचा भाऊबंद, म्हणजे क्रिएटिनिन, हाही याच दशकात ओळखला गेला.

लीबिग नुसता संशोधक नव्हता, त्याला व्यवहारही कळत होता. १८६५ साली त्याच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली. तिचा कारखाना दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे होता. तिथे गुरांची कातडी विकली जात असे आणि मांसाला गिऱ्हाईक नसे. सुमारे तीस किलो मांसापासून एक किलो गडद रंगाचा अर्क निघे. तो शक्ती देतो असा गाजावाजा झाला. अर्कात क्रिएटिन होते, पण प्रथिने आणि मेद जवळजवळ नव्हते, त्यामुळे त्याला अन्न म्हणावे का यावर शास्त्रज्ञांतच वाद पेटला. शक्तीचा डबा आधी बाजारात यायचा आणि तो नेमके काय करतो याचे ज्ञान मागाहून, ही रीत तेव्हापासूनची आहे.

क्रिएटिन स्नायूंत नेमके काय करते हे कळायला १९२७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन या दांपत्याला, आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना, स्नायूंत फॉस्फरस असलेला एक अस्थिर पदार्थ आढळला. एगल्टन दांपत्याने त्याला ‘फॉस्फाजेन’ म्हटले. तो क्रिएटिनला फॉस्फेट जोडून बनलेला आहे, हे फिस्के आणि सुब्बाराव यांनी दाखवले. सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पदव्युत्तर प्रयोगशाळेत केलेली असेल, पण तिच्या नावातला दुसरा माणूस आपल्याकडचा आहे हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. हत्तीरोगावर दिली जाणारी हेट्राझॅनची गोळीही पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाली.

एटीपीचा शोध १९२९ सालचा. त्यानंतर वर्षभरातच कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्डने बेडकाच्या स्नायूला आयोडोअॅसिटेटचे विष दिले, त्यामुळे लॅक्टिक आम्ल तयार होणे थांबले. तरी स्नायू आकुंचन पावतच राहिला आणि त्यातले फॉस्फोक्रिएटिन संपल्यावरच ताठरला. लॅक्टिक आम्ल तयार होण्याच्या क्रियेतूनच आकुंचन घडते, ही तोपर्यंतची मांडणी त्या एका प्रयोगाने मोडली. १९३४ साली कार्ल लोमानने उरलेला दुवा जोडला. फॉस्फोक्रिएटिन आपले फॉस्फेट एडीपीला देते आणि एटीपी पुन्हा तयार होते.

वर्गात हे सांगताना मी कबड्डीचे उदाहरण घेतो. चढाई करणारा खेळाडू पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेप घेतो त्या क्षणी त्याच्या स्नायूंत तयार असलेले एटीपी दोन-तीन सेकंदांपुरतेच असते. श्वासाने आलेला ऑक्सिजन तिथवर पोहोचून कामाला लागेपर्यंत वेळ लागतो. मधले आठ-दहा सेकंद फॉस्फोक्रिएटिन निभावून नेते. सारी चढाई तीस सेकंदांची, आणि तिच्यातले निर्णायक सेकंद क्रिएटिनच्या भरवशावर.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते, त्यातले ९५ टक्के स्नायूंत. त्यापैकी रोज साधारण १.७ टक्के, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास, आपोआप पाण्याचा एक रेणू गमावून क्रिएटिनिन बनते. यासाठी कोणतेही विकर लागत नाही आणि ही क्रिया शरीरात उलटही फिरत नाही. झालेली घट मांसाहारातून आणि शरीरातल्या निर्मितीतून भरून निघते. या निर्मितीची पहिली पायरी मूत्रपिंडात होते आणि दुसरी यकृतात. शाकाहारी माणसाला जवळजवळ सगळा भार शरीरातल्या निर्मितीवरच टाकावा लागतो, आणि त्याच्या स्नायूंतला साठाही थोडा कमी असतो.

आता मोजपट्टीकडे वळू. १८८६ साली क्योनिग्सबर्गच्या माक्स याफे याला असे आढळले की क्रिएटिनिनच्या द्रावणात अल्कली आणि पिक्रिक आम्ल घातले की पिवळा रंग जाऊन नारिंगी-तांबडा रंग येतो. (पिक्रिक आम्ल कोरडे झाल्यास स्फोटक असते, तेव्हा हा प्रयोग शाळेत करण्याच्या भानगडीत पडू नये.) रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजण्याची पद्धत ऑटो फोलिन याने १९०४ मध्ये बसवली. आहारात मांस नसेल तर एकाच माणसाच्या लघवीतून रोज बाहेर पडणारे क्रिएटिनिन जवळजवळ ठरावीक असते, आणि ते त्याच्या स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असते, हेही याच काळात स्पष्ट झाले.

१९२६ मध्ये डेन्मार्कच्या पॉल ब्रांट रेबर्गने एक धीट प्रयोग केला. त्याने पाण्यात क्रिएटिनिन विरघळवून ते स्वतः प्यायले, रक्तातले प्रमाण मुद्दाम वाढवले आणि लघवीतून ते किती वेगाने बाहेर पडते यावरून मूत्रपिंडे दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळत असतील याचा हिशेब मांडला. पुढे १९३७ मध्ये पॉपर आणि मँडेल यांनी असे सुचवले की बाहेरून काही प्यायची गरज नाही, शरीरात मुळातच तयार होणारे क्रिएटिनिन या कामाला पुरेसे आहे. १९७६ मध्ये कॅनडातील कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी वय, वजन आणि रक्तातले क्रिएटिनिन एवढ्यावरून गाळणक्षमतेचा अंदाज देणारे सूत्र बांधले आणि चोवीस तासांची लघवी गोळा करण्याचे झंझट पुष्कळसे टळले. आज रक्ततपासणीच्या कागदावर ‘क्रिएटिनिन’ हा आकडा दिसतो, तो या सगळ्या परंपरेतून आलेला आहे.

रेबर्गच्या प्रयोगातला एक भाग फारसा कोणी लक्षात घेत नाही. त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन वाढले, ते प्यायल्यामुळे. मूत्रपिंडे धडधाकट होती. याचा अर्थ क्रिएटिनिनचा वाढलेला आकडा स्वतः आजार नव्हे, तो फक्त एक खूण आहे, आणि ती खूण एका गृहीतावर टिकून आहे. ते गृहीत असे की शरीरात क्रिएटिनिन तयार होण्याचा वेग बदललेला नाही.

गणिताच्या पुस्तकातली टाकी आठवा. वरून नळाने पाणी येते, खालच्या छिद्रातून जाते, आणि पाण्याची पातळी जितकी जास्त तितक्या जोरात ते बाहेर पडते. पातळी वाढलेली दिसली तर दोन शक्यता असतात: खालचे छिद्र बुजत चालले आहे किंवा वरचा नळ जास्त सोडला आहे. नुसती पातळी पाहून यांतले काय झाले हे सांगता येत नाही. क्रिएटिनची पावडर घेणारा माणूस वरचा नळ सोडत असतो. स्नायूंतला साठा २५ टक्क्यांनी वाढला तर रोज तयार होणारे क्रिएटिनिनही साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढेल. गाळण्याचा वेग तोच राहिला तर रक्तातली पातळी १.० मिलिग्रॅमवरून १.२५ वर जाऊन स्थिर होईल. हा नवा आकडा कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घातला की गाळणक्षमता १०० वरून ८० वर घसरल्याचे उत्तर येते. मूत्रपिंडाला काहीच झालेले नसते, पण कागदावर त्याची एक पंचमांश क्षमता गेलेली असते. शिजवलेले मटण भरपूर खाल्ल्यानंतर काही तास हाच परिणाम लहान प्रमाणात दिसतो, कारण शिजताना मांसातल्या क्रिएटिनपैकी काहींचे क्रिएटिनिन झालेले असते. रविवारच्या जेवणानंतर रक्त द्यायला जाऊ नये ते याचसाठी.

आता डब्याकडे. क्रिएटिन खाल्ले तर त्यातले बरेचसे शरीरात राहते, हे १९२६ मध्ये आल्फ्रेड चानुटिनने माणसांवरील प्रयोगांत दाखवले होते. तरी पुढची साठ-पासष्ट वर्षे या माहितीचा खेळात उपयोग करावा असे कोणाला सुचले नाही. १९९२ मध्ये इंग्लंडचा रॉजर हॅरिस आणि स्वीडनचे सॉडर्लुंड व हुल्टमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पाच ग्रॅमची मात्रा दिवसातून चार ते सहा वेळा काही दिवस दिली की स्नायूंतले क्रिएटिन वाढते, आणि ज्यांच्यात ते आधी कमी होते त्यांच्यात अधिक वाढते, असे त्यांनी स्नायूंचे सूक्ष्म नमुने काढून दाखवले. पाच ग्रॅमची एक मात्रा म्हणजे सुमारे १.१ किलो कच्च्या मांसातले क्रिएटिन! त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिक झाले आणि ब्रिटनच्या काही सुवर्णपदक विजेत्यांनी क्रिएटिन घेतल्याच्या बातम्या आल्या. वर्षभरात अमेरिकेत पावडर विक्रीला आली. तिचे नाव ‘फॉस्फाजेन’, एगल्टन दांपत्याच्या शब्दावरूनच घेतलेले. ही पावडर मांसापासून काढत नाहीत. सार्कोसिन आणि सायनामाइड यांच्या रासायनिक क्रियेने ती कारखान्यात बनते. शाकाहारी विद्यार्थ्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून इथेच सांगून टाकतो.

संशयाचे ढग १९९७ च्या शेवटी जमले. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर महिन्याभराच्या अंतरात मरण पावले आणि बोट क्रिएटिनकडे दाखवले गेले. चौकशीत निघाले ते वेगळेच. खालच्या वजनी गटात बसण्यासाठी ही मुले पाणी तोडून, घाम बाहेर न जाऊ देणारे कपडे घालून, तापवलेल्या जागेत व्यायाम करत होती. शरीरातले पाणी कमी होणे आणि तापमान बेसुमार चढणे ही मृत्यूची कारणे ठरली. आपल्याकडेही वजनी गटांच्या स्पर्धा होतात. डब्यातल्या पावडरीबद्दल जेवढी चर्चा होते तेवढी वजन ‘काढण्याच्या’ या रीतीबद्दल होत नाही, हे मला खटकते.

१९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांचे पत्र आले. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या आणि त्यासाठी सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने क्रिएटिन सुरू केल्यावर त्याचे रक्तातले क्रिएटिनिन वाढले, बंद केल्यावर पुन्हा उतरले. यातला किती भाग नळाचा आणि किती छिद्राचा यावर लगेच वाद झाला. पण वर्तमानपत्रांत पोहोचले ते एवढेच, की क्रिएटिन मूत्रपिंडाला घातक आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेतून आलेली नोंद अधिक गंभीर होती. रोज वीस ग्रॅम घेणाऱ्या एका निरोगी तरुणाला उलट्या आणि कुशीत वेदना होऊ लागल्या. त्याच्या मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा खरोखरच दाह दिसला. क्रिएटिन थांबवल्यावर तो बरा झाला. इथे मोजपट्टीचा दोष आहे असे म्हणून सुटका होत नाही. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, पण असे रुग्ण नोंदलेच नाहीत असेही म्हणता येत नाही. २००१ मध्ये जन्मतः मूत्रपिंडात गाठी असणाऱ्या उंदरांना क्रिएटिन दिले तेव्हा त्यांचा आजार अधिक वेगाने वाढला. त्याच वर्षी फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने कर्करोगाचा धोका पुरेसा तपासलेला नाही असा इशारा दिला. त्यामागचा तर्क रसायनशास्त्राचा होता: मांस जास्त तापमानावर भाजताना क्रिएटिनपासून काही कर्करोगकारक अमाइने बनतात. शरीरात मात्र तव्याचे तापमान नसते. २०१५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी क्रिएटिन घेणाऱ्या माणसांत ही अमाइने शोधली, तेव्हा पूरक क्रिएटिनमुळे ती वाढल्याचे दिसले नाही.

नळ आणि छिद्र यांतला वाद सोडवायचा तर क्रिएटिनशी नाते नसलेली दुसरी मोजपट्टी हवी. ब्राझीलमध्येच ब्रुनो ग्वालानो आणि सहकाऱ्यांनी ती वापरली. २००८ मध्ये त्यांनी सिस्टॅटिन-सी या प्रथिनावरून तीन महिन्यांचा प्रयोग केला. २०१० मध्ये त्यांनी एकच मूत्रपिंड असलेल्या वीस वर्षांच्या तरुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला पाच दिवस रोज वीस ग्रॅम आणि नंतर तीस दिवस रोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिले होते. रक्तातले क्रिएटिनिन १.०३ वरून १.२७ वर गेले. सूत्राच्या भाषेत ही मोठी घसरण झाली. पण क्रोमियमचे किरणोत्सारी संयुग टोचून प्रत्यक्ष मोजलेली गाळणक्षमता आधी ८१.६ होती आणि नंतर ८२.० भरली. एका माणसाच्या प्रयोगावर फार मोठी इमारत बांधता येत नाही, हे वर म्हटलेच आहे. ते इथेही लागू आहे. तरी दोन मोजपट्ट्या एकाच देहावर एकाच वेळी लावल्यामुळे पहिलीतला दोष उघडा पडला, यात शंका नाही.

आणि दीर्घकाळाचे काय? बेल्जियमच्या पूर्टमन्स आणि फ्रँको यांनी १९९९ मध्ये दहा महिने ते पाच वर्षे क्रिएटिन घेतलेले खेळाडू तपासले, त्यांच्या मूत्रपिंडांत दोष आढळला नाही. मात्र खेळाडूंची संख्या अगदी थोडी होती. सर्वांत मोठा पुरावा खेळाच्या मैदानावरून आलेलाच नाही. कंपवाताच्या रुग्णांना क्रिएटिनचा उपयोग होईल या आशेने अमेरिका आणि कॅनडात १,७४१ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज दहा ग्रॅम क्रिएटिन आणि निम्म्यांना निष्क्रिय पावडर, असे काही वर्षे चालले. २०१३ मध्ये चाचणी थांबवण्यात आली, कारण कंपवातावर काहीच फायदा दिसेना. मूत्रपिंडे बिघडली म्हणून ती थांबवावी लागली नाही, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुरक्षिततेची मोठी अडचण नोंदलेली नाही. औषध म्हणून फसलेली ही चाचणी आपल्या प्रश्नाला मात्र उपयोगी पडली. शरीरात क्रिएटिन तयारच न होण्याचा जन्मजात दोष १९९४ मध्ये प्रथम ओळखला गेला. अशा मुलांनाही वर्षानुवर्षे क्रिएटिन दिले जाते, परंतु त्यांची उणीव भरून काढली जात असल्याने त्यांची तुलना निरोगी मुलाशी करणे बरोबर नाही.

तेव्हा मुलांना सांगण्यासारखे असे. निरोगी प्रौढ माणसाने रोज तीन ते पाच ग्रॅम शुद्ध क्रिएटिन घेतल्याने मूत्रपिंड बिघडते, असे आजवरच्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात किलो-दोन किलो वजन वाढते ते बहुतांशी पाण्याचे; काहींचे पोट बिघडते. आधीच मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर ही हमी लागू होत नाही, कारण अशा लोकांवर दीर्घ चाचण्या झालेल्याच नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या निरोगी मुलामुलींवरही वर्षानुवर्षे चाललेल्या चाचण्या नाहीत. आणि हे सारे ‘शुद्ध’ या शब्दावर अवलंबून आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००४ मध्ये रोज तीन ग्रॅमपर्यंत धोका संभवत नाही असे मत देताना पावडर किमान ९९.९५ टक्के शुद्ध असावी अशी अट घातली होती. सायनामाइडपासून बनवताना राहून जाणारे डायसायनडायमाइडसारखे पदार्थ आणि जड धातू यांची चिंता त्यामागे होती. खुल्या डब्यातून कागदात बांधून मिळणाऱ्या पावडरीला ही अट लागू करायची तर तपासणार कोण?

उलट बाजूची चूकही घडू शकते, आणि मला ती अधिक घातक वाटते. एखाद्या तरुणाचे क्रिएटिनिन १.५ येते, व्यायामशाळेतले जाणकार सांगतात, "पावडरीमुळे असते तसे, घाबरू नकोस." कदाचित ते खरे असेल. कदाचित त्याच्या मूत्रपिंडाला खरोखरच इजा होत असेल आणि पावडरीच्या आडोशाने ती लपत असेल. टाकीची पातळी पाहून हे कळणार नाही, हे आपण पाहिलेच. यावर उपाय सोपे आहेत. आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना सांगावे. पुष्कळ मुले लाजेने किंवा भीतीने हेच लपवतात. काही आठवडे ते पूर्ण थांबवून, आदल्या दिवशी मटण आणि जबर व्यायाम टाळून, तपासणी पुन्हा करावी. लघवीत प्रथिने जात आहेत का ते पाहावे, ही तपासणी स्वस्त आहे आणि तिच्या निकालात क्रिएटिनची पावडर ढवळाढवळ करत नाही. तरीही शंका उरली तर सिस्टॅटिन-सी मोजता येते. ती सोय आता मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत मिळते. लहान गावांत अजूनही पुष्कळ ठिकाणी क्रिएटिनिन मोजले जाते ते याफेच्या त्या नारिंगी रंगावरूनच.